लायसन आहे, पण नियम आठवतात का? पुण्यातल्या वाहनचालकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी कोथरूडमध्ये गाडी शिकवतो. नवशिक्यांची बॅच वेगळी असते. शनिवारी सकाळी येतात ते लायसनवाले, दहा-वीस वर्षं गाडी चालवणारे. कोणाला बायकोने पाठवलेलं असतं, कोणाला सोसायटीने. बसल्याबसल्या त्यांच्या हातात पंधरा प्रश्नांचा कागद देतो. तो परत आला की दर वेळी तेच दिसतं. "दंड किती?" याचं उत्तर सगळ्यांना पाठ, आणि "इथे आधी कोणी जायचं?" याच्यापुढे कोरी जागा. नंतर आठवडाभर व्हॉट्सॲपवर शंका येत राहतात. त्याच इथे एकत्र केल्या आहेत.

दंडाचे आकडे केंद्राच्या मोटार वाहन कायद्यातले आहेत. कोर्टात न जाता भरायची तडजोडीची रक्कम राज्य सरकार ठरवतं, त्यामुळे तुमच्या चलनावर वेगळा आकडा दिसू शकतो.

१. माझं लायसन वीस वर्षांचं आहे. तेव्हा परीक्षा देऊनच मिळालं. आता पुन्हा नियम कशाला वाचायचे?

आठवून पाहा, ती परीक्षा काय होती? लर्निंगला पंधरा प्रश्न, त्यातले नऊ बरोबर आले की पास. म्हणजे सहा नियम चुकीचे माहीत असलेला माणूसही रीतसर पास होतो, आणि ते सहा कोणते हे त्याला कोणी सांगत नाही. पक्क्या लायसनला दुचाकीचा आठचा आकडा, चारचाकीचं रिव्हर्स, चढावर गाडी थांबवून पुन्हा काढणं. त्यात हाताची सफाई कळते, चौकातली समज कळत नाही.

दुसरं म्हणजे नियम बदलले. १९८९ ची रस्त्याच्या नियमांची नियमावली जाऊन २०१७ मध्ये नवी आली. १९८८ च्या मूळ कायद्यात २०१९ मध्ये मोठी दुरुस्ती झाली. लायसन वेळेत नूतनीकरणाला दिलं तर पुन्हा परीक्षा नसते. मुदत संपून वर्ष उलटलं तरच चाचणी द्यावी लागते. म्हणजे २००४ मध्ये पास झालेल्या माणसाला त्यानंतर कोणी काहीच विचारलेलं नसतं.

२. रस्त्यावरचे बोर्ड पटकन ओळखायची काही युक्ती आहे का?

आकार बघा. गोल म्हणजे आज्ञा, त्रिकोण म्हणजे सावधगिरी, चौकोन म्हणजे माहिती. गोलात लाल कड असेल तर बहुतेक वेळा मनाई, पूर्ण निळा असेल तर सक्ती. 'थांबा'चा बोर्ड अष्टकोनी आणि 'वाट द्या'चा उलटा त्रिकोण. हे दोन आकार मुद्दाम वेगळे ठेवले आहेत, म्हणजे धुळीने माखले तरी ओळखू यावेत. सगळ्यात जास्त गल्लत होते निळ्या गोलात. एक तिरकी लाल रेघ असेल तर नो पार्किंग. फुली असेल तर तिथे थांबायचंही नाही, 'फक्त दोन मिनिटं, आई औषध घेऊन येतेय' हेसुद्धा नाही.

३. सिग्नल नसलेल्या चौकात आधी कोणी जायचं? आमच्याकडे जो जोरात हॉर्न वाजवतो तो जातो.

शनिवारच्या कागदावर सर्वांत जास्त चुकणारा प्रश्न हाच. खरं तर नियम दोन ओळींचा आहे. तुम्ही मोठ्या, मुख्य रस्त्याला येऊन मिळत असाल तर मुख्य रस्त्यावरची वाहनं आधी. दोन्ही रस्ते सारखेच असतील तर तुमच्या उजव्या हाताने येणारा आधी.

उजवाच का? आपण रस्त्याच्या डाव्या बाजूने चालवतो. चौकात शिरलं की आडव्या रस्त्याचा जो पट्टा आधी लागतो, त्यातून येणारी वाहनं उजवीकडूनच येतात. डावीकडून येणाऱ्याशी गाठ पडेपर्यंत अर्धा चौक ओलांडलेला असतो. म्हणजे उजवीकडचा तुमच्यावर आधी आदळणार, म्हणून त्याला आधी सोडायचं. हे एकदा फळ्यावर काढून दाखवलं की कोणी विसरत नाही. पण लर्निंगच्या तयारीला नुसतं 'उत्तर: ब' पाठ केलेलं असतं.

डहाणूकर कॉलनीच्या आतल्या गल्ल्यांत रोज संध्याकाळी हा खेळ बघायला मिळतो. दोघं एकाच वेळी चौकात येतात, दोघंही थांबतात, दोघंही एकदम निघतात, पुन्हा थांबतात, मग एकजण हात हलवून 'जा बाबा' म्हणतो. तो हात हलवणारा बहुतेक वेळा ज्याचा हक्क असतो तोच असतो.

आता अवघड फाटा. चारही बाजूंनी चार गाड्या एकदम आल्या तर? प्रत्येकाच्या उजवीकडे कोणी ना कोणी आहेच, म्हणजे नियमाने कोणीच हलायचं नाही. अशा वेळी कोणीतरी एकाने थांबून दुसऱ्याला खूण करायची, की पेच सुटतो. हॉर्नने कोणाचाही हक्क तयार होत नाही.

४. आणि मध्ये गोल बेट असेल तर?

जो आधीच बेटाभोवती फिरतो आहे, त्याला आधी जाऊ द्या. तोही तुमच्या उजवीकडूनच येत असतो, म्हणजे तर्क प्रश्न ३ चाच. बेटाला कायम डावीकडून वळसा घालायचा. पलीकडची गल्ली दहा पावलांवर असली तरी उलटं शिरायचं नाही. बेट आणि सिग्नल दोन्ही असतील तर सिग्नल पाळायचा.

५. पिवळा दिवा म्हणजे 'लवकर निघा' ना?

नाही. पिवळा म्हणजे थांबा. अपवाद एकच: तुम्ही स्टॉप लाइनच्या इतके जवळ आला आहात की आता ब्रेक मारला तर मागचा आदळेल. तेव्हाच पुढे जायचं. थांबायचं तेही लाइनच्या अलीकडे. लाइन पुसलेली असेल तर झेब्राच्या अलीकडे.

रात्री उशिरा सिग्नल लुकलुकायला लागतात, तेव्हाचा फरक फार थोड्यांना माहीत असतो. पिवळा लुकलुकत असेल तर वेग कमी करून, बघून जा. लाल लुकलुकत असेल तर आधी पूर्ण थांबा, चाक हलता कामा नये, मग मोकळं दिसल्यावर जा.

आता सेकंदांच्या आकड्याबद्दल. तो आला तेव्हापासून एक नवीन सवय लागली आहे. पाच दिसले की पहिली रांग निघते. आडव्या बाजूचे पिवळ्यात घुसलेले आणि हे पाच सेकंद आधी निघालेले चौकाच्या मधोमध भेटतात. लाल दिवा तोडणं २०१९ पासून कलम १८४ खाली, म्हणजे धोकादायक वाहन चालवण्यात धरलं जातं. शिक्षा प्रश्न १० मध्ये आहे.

६. डावीकडे वळायचं असेल तर लाल सिग्नल लागू नसतो, बरोबर?

चूक, पण पुण्यात हा समज इतका पक्का आहे की थांबणाऱ्यालाच शिव्या बसतात. लाल म्हणजे सगळ्या दिशांना लाल. डावीकडे मोकळं सोडल्याचा बोर्ड असेल किंवा डावा हिरवा बाण लागला असेल तरच वळा. तेव्हासुद्धा रस्ता ओलांडणाऱ्या माणसाला आधी जाऊ द्या. मागचा हॉर्न वाजवतोय म्हणून वळलात तर चलन तुमच्या नंबरवर येईल, त्याच्या नाही.

७. सिग्नल हिरवा आहे आणि मामा हाताने थांबवतोय. कोणाचं ऐकायचं?

मामांचं. पोलिसाचा हात दिव्याच्या वर.

८. झेब्रावर माणूस उभा असेल तर थांबायचं की तो आपणहून थांबेल?

सिग्नल नसलेल्या झेब्रावर पायी चालणाऱ्याचा हक्क पहिला. त्याने पाऊल टाकलं की तुम्ही थांबायचं. आपल्याकडे नेमकं उलटं होतं. माणूस हात पुढे करून धावत ओलांडतो आणि वर गाडीवाल्याकडे बघून ओशाळं हसतो. महापालिकेने २०२१ पासून ११ डिसेंबरला लक्ष्मी रस्त्यावर पादचारी दिन सुरू केला. त्या दिवशी तिथून चालून बघा, आणि मग १२ तारखेला पुन्हा जा.

पुढची गाडी झेब्रापाशी थांबली असेल तर तिला बाजूने टाकून पुढे जायचं नाही. ती कोणासाठी थांबली आहे, हे तुम्हाला दिसत नसतं.

९. पी १, पी २ चं गणित काय? आणि आमच्या गेटसमोर लोक गाड्या लावतात, हवा सोडली तर चालेल का?

गाडी लावायची ती विषम तारखेला पी १ ची पाटी असलेल्या बाजूला, सम तारखेला पी २ च्या बाजूला. बाहेरगावचा पाहुणा फसतो तो इथेच. आणि पुणेकर फसतो महिनाअखेरीला: ३१ ही विषम, १ ही विषम, म्हणजे सलग दोन दिवस पी १. 'काल इकडे होती, आज तिकडे' या हिशेबाने गाडी हलवली की टोइंगवाले घेऊन गेलेच.

गेटचं उत्तर दोन भागांत आहे. कोणाच्या वाटेत, प्रवेशद्वारात गाडी आडवी लावायला नियमानेच बंदी आहे. त्यासाठी पाटीची गरज नाही. पण घराशेजारचा सार्वजनिक रस्ता तुमच्या मालकीचा होत नाही. 'येथे वाहन लावल्यास हवा सोडण्यात येईल' ही पाटी पुण्याची शान असली तरी कायद्यात तिला जागा नाही, आणि खरंच हवा सोडलीत तर नुकसान केल्याची तक्रार तुमच्यावर होऊ शकते. पोलिसांना कळवा. वेळ लागेल, पण तक्रारदार तुम्ही राहाल.

१०. यू टर्न एक किलोमीटरवर आहे. पन्नास मीटर राँग साइडने गेलं तर काय बिघडतं?

हा प्रश्न सिंहगड रस्त्यावरून येतो, बाणेरहून येतो, वाघोलीहून येतो. कायद्यात पन्नास मीटरची सूट नाही. वाहतुकीच्या उलट दिशेने जाणं कलम १८४ मध्ये नाव घेऊन लिहिलेलं आहे. लाल दिवा तोडणं, हातात मोबाइल धरणं आणि नियम सोडून ओव्हरटेक करणं याच यादीत येतं. पहिल्या गुन्ह्याला सहा महिने ते एक वर्ष कैद, किंवा एक ते पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही.

पण मला दंडापेक्षा दुसरं सांगायचं आहे. गल्लीतून मुख्य रस्त्यावर येणारा चालक फक्त उजवीकडे बघून डावीकडे वळतो, कारण डावीकडून कोणी येणंच अपेक्षित नाही. तुम्ही त्याच्या नजरेत नसताच. 'मी हळू चालवत होतो' याने काही फरक पडत नाही, त्याला तुम्ही दिसलेलाच नसता.

आणि हो, जंगली महाराज रस्ता किंवा फर्ग्युसन रस्ता एकेरी आहे म्हणून रिव्हर्समध्ये शिरलो, तोंड तर बरोबर दिशेला होतं, हा युक्तिवाद एकाने माझ्यासमोर अगदी गंभीरपणे केला होता. एकेरी रस्त्यात रिव्हर्सने शिरायलाही बंदी आहे.

११. डावीकडून ओव्हरटेक केव्हा चालतो?

पुढच्याने उजवीकडे वळायचा इशारा दिला असेल आणि तो मधोमध सरकला असेल तेव्हा. बाकी उजवीकडून. वळणावर, पुलावर, चढाच्या टोकाला, समोरचं दिसत नसेल तिथे कुठूनच नाही. आणखी एक, जे कोणाला आठवत नाही: कोणी तुम्हाला ओव्हरटेक करत असेल तर आपला वेग वाढवायचा नाही. स्वाभिमान घरी.

१२. सिंहगडावर जाताना अरुंद वळणावर समोरून जीप आली. मागे कोणी जायचं?

खाली उतरणाऱ्याने थांबायचं, चढणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं. डोंगरी रस्त्यावर दोन गाड्या मावत नसतील तर हा नियम आहे, आणि हा मी वर्गात सगळ्यात रंगवून सांगतो.

कारण साधं आहे. चढणारी गाडी एकदा थांबली की तिला पुन्हा काढणं जड जातं: हँडब्रेक, क्लच, मागे घसरणं, इंजिन बंद पडणं. उतरणाऱ्याला नुसता ब्रेक सोडायचा असतो. गेल्या पावसाळ्यात एका रविवारी मी स्वतः वर चढत होतो, शेजारी नवशिका विद्यार्थी. वळणावर वरून एक मोटार आली, ड्रायव्हरने अप्पर मारला, हाताने 'मागे घ्या' म्हणून खूण केली. माझ्या मागे सहा दुचाक्या आणि कणसवाल्याची हातगाडी. मी खाली उतरून त्याला नियम सांगितला. तो म्हणाला, "काका, मी आधी आलो." बहुतेकांचा नियम तोच आहे: आधी आला तो राजा. शेवटी त्याने दोन मीटर मागे घेतली, तेवढ्याने काम झालं.

उतरताना ज्या गिअरमध्ये चढलात त्याच गिअरमध्ये उतरा. पेट्रोल वाचतं म्हणून न्यूट्रलवर उतरणाऱ्यांचे ब्रेक कात्रज घाटात आणि दिवे घाटात तापतात, आणि नेमक्या खालच्या वळणावर दगा देतात.

१३. कात्रजच्या बोगद्यात किंवा मुसळधार पावसात चारही इंडिकेटर लावून चालवावं का?

नको. चारही इंडिकेटर 'माझी गाडी बंद पडली आहे, मी उभा आहे' हे सांगायला असतात. चालत्या गाडीवर ते लावले की तुम्ही उभे आहात की चालताय हे मागच्याला कळत नाही, आणि लेन बदलताना तुमचा डावा-उजवा इशाराही दिसत नाही. बोगद्यात आणि पावसात हेडलाइट लावा, डिपरवर. चौकातून सरळ जायचं म्हणून चारही लावणारे वेगळे. त्यांना कोणी शिकवलं हे मी अजून शोधतोय.

१४. हेल्मेट गल्लीतल्या गल्लीतही लागतं का? मागे बसलेल्यालाही? लहान मुलांना?

कलम १२९ प्रमाणे सार्वजनिक ठिकाणी दुचाकीवर चार वर्षांवरच्या प्रत्येकाला, मागे बसणाऱ्यालाही. गल्ली ही सार्वजनिकच. सूट आहे ती पगडी घातलेल्या शीख व्यक्तीला. पुणेरी पगडीला नाही, हा विनोद जानेवारी २०१९ च्या सक्तीच्या वेळी इतका फिरला की मी उत्तरातच लिहून टाकतो. हेल्मेटवर आयएसआयचा शिक्का हवा आणि पट्टा लावलेला हवा. हँडलला किंवा कोपराला अडकवलेलं हेल्मेट कोपराचंच रक्षण करतं.

चार वर्षांखालच्या मुलाला १५ फेब्रुवारी २०२३ पासून त्याच्या मापाचं हेल्मेट आणि चालकाशी बांधणारा पट्टा लागतो, आणि वेग ताशी ४० किलोमीटरच्या वर न्यायचा नाही.

१५. आम्ही दोघं आणि मध्ये पाच वर्षांची मुलगी. हे ट्रिपल सीट धरतात का?

कायद्याने हो. चालक आणि त्याच्या मागे एकच माणूस, असं कलम १२८ म्हणतं. त्यात वयाची अट नाही. पोलीस बहुतेक वेळा कानाडोळा करतात, म्हणून ते नियमात बसत नाही. हे उत्तर मला आवडत नाही, कारण ज्यांच्याकडे एकच स्कूटर आहे त्यांना मी रिक्षाचे पैसे देणार नाहीये. पण विचारलंत म्हणून सांगितलं.

१६. मोबाइलवर नकाशा बघितला तर चलन येतं का?

वाट बघण्यासाठी फोन वापरायला मुभा आहे, चित्त विचलित होणार नाही अशा बेताने. म्हणजे स्टँडवर लावलेला चालतो. हातात धरून बोलणं, मेसेज करणं चालत नाही. खांदा आणि कान यांच्यामध्ये किंवा हेल्मेटमध्ये खुपसलेला फोनही त्यातच. सिग्नलला उभं असताना सुद्धा हातात घेऊ नका. तुम्ही रस्त्यावरच आहात, आणि हिरवा झाल्यावर मागचे पाच हॉर्न हे त्याचंच फळ असतं.

१७. मुलगा सोळा वर्षांचा आहे. क्लासला स्कूटर देऊ का? इलेक्ट्रिकला लायसन लागत नाही म्हणतात.

सोळाव्या वर्षी पालकांच्या संमतीने लायसन मिळतं ते ५० सीसीपर्यंतच्या बिनगिअरच्या गाडीचं. तुमच्या पार्किंगमधली स्कूटर ११० किंवा १२५ ची असणार. ती त्यात बसत नाही. इलेक्ट्रिकमध्ये २५० वॉटपर्यंतची आणि ताशी २५ किलोमीटरपर्यंतच पळणारी गाडी लायसनविना चालते. त्यावरची नाही, दुकानदार काहीही सांगो.

अल्पवयीन मुलाने वाहन चालवून गुन्हा केला तर कलम १९९ अ खाली पालक किंवा मालक दोषी धरला जातो: तीन वर्षांपर्यंत कैद, २५ हजार दंड, गाडीची नोंदणी वर्षभर रद्द, आणि मुलाला पंचविशीपर्यंत लायसन नाही. मे २०२४ मध्ये कल्याणीनगरला अल्पवयीन मुलाच्या मोटारीने दोघांचा जीव घेतला, त्यानंतर हा प्रश्न दोन महिने रोज आला. मग पुन्हा बंद झाला.

१८. ॲम्ब्युलन्सला वाट द्यायला लाल सिग्नल ओलांडला आणि चलन आलं. काय करू?

वाट न देणं हा मोठा गुन्हा आहे, दहा हजार रुपये दंड. पण वाट देणं म्हणजे डावीकडे सरकणं. चौकात मुसंडी मारणं नव्हे, कारण आडव्या बाजूला हिरवा असतो आणि तिकडच्यांना सायरन ऐकू आलेला असेलच असं नाही. जागाच नसेल आणि मामा पुढे बोलावत असतील तर अर्थातच जा (प्रश्न ७). चलन आलंच तर निमूट भरू नका. वाहतूक पोलिसांच्या ई-चलन पोर्टलवर तक्रार नोंदवा. चलनासोबतच्या फोटोत मागे ॲम्ब्युलन्स दिसत असेल तर तोच तुमचा पुरावा.

१९. मला नियम कळला, पण समोरच्याला माहीतच नाही. तरी मीच थांबू का?

हो. आधी जायचा हक्क असला तरी काळजी घ्यायची जबाबदारी सुटत नाही. धडक झाली तर 'मी उजवीकडून येत होतो' एवढ्यावर हात झटकता येत नाहीत. वर्गातल्या एक निवृत्त काकू प्रश्न ३ शिकून गेल्या आणि दुसऱ्या शनिवारी चिडून आल्या. त्या उजवीकडून येत होत्या, डावीकडची मोटार थांबलीच नाही, काकूंनी ब्रेक मारला आणि भाजीची पिशवी रस्त्यावर. "मग तुम्ही शिकवलेल्याचा उपयोग काय?" त्यांनी विचारलं. मी त्यांना विचारलं, पुढच्या चौकात तुमच्या उजवीकडून कोणी आलं का? आलं होतं, एक सायकलवाला मुलगा. काकू थांबल्या होत्या. तो बिचारा इतका गोंधळला की तोही थांबला.